नावासकट मोड

श्रीगोंदे, सोमवार, ३ जानेवारी १९७२

आजच्या सभेत मी जे बोलले ते इतिवृत्तात घालायला रविकांत यांनी नकार दिला, म्हणून हे लिहीत आहे. कॉलेज सुटल्यापासून मी दैनंदिनी लिहिलेली नाही. स्वतःविषयी रोज लिहिणाऱ्या माणसांचा मला वीट येतो. पण बोललेले कुठेतरी राहिले पाहिजे.

घडले ते असे. दर प्रजासत्ताक दिनाला तालुक्यातल्या शाळांचे सामने होतात. मुलांची कबड्डी, मुलींचा खो-खो. समितीचे अध्यक्ष सहादेवराव, उसाचे मोठे बागायतदार. चिटणीस रविकांत, मुलांच्या हायस्कुलात खेळ शिकवतात. मी कन्याशाळेची मुख्याध्यापिका म्हणून सभासद. सभेत बाई मी एकटीच, त्यामुळे चहाची किटली आली की सगळे माझ्याकडे बघतात. मी ओतत नाही.

रविकांत यांनी ठराव वाचला. युद्ध नुकतेच संपले आहे, तरी जवानांच्या निधीला समितीचा हातभार म्हणून यंदा मुलींच्या चषकांची रक्कम निधीला द्यावी. मुलांचे चषक नगरहून आलेलेच होते, टेबलावर मांडलेले होते. त्यांतल्या ढालीवर सहादेवरावांच्या वडिलांचे नाव एवढ्या मोठ्या अक्षरांत आहे की 'कबड्डी' हा शब्द शोधावा लागतो.

मी विचारले, "मुलांच्या चषकांनी जवानांचे काही अडत नाही वाटते?"

"बाई, तुमी लगेच आडवं लावता," सहादेवराव म्हणाले. "देशाचं काम हाय. पोरींना नारळ आनि खण द्यू की. त्यांना कप काय करायचाय? दिल्या घरी कप घिऊन जानार हायेत व्हय?"

सगळे हसले. हसताना एकाच्या तोंडातून पानाचा रस टेबलावर उडाला आणि त्याने तो बाहीने पुसला. मग रविकांत म्हणाले की चषक नाहीत, तर मुलींचे सामने तरी कशाला भरवायचे? पुढच्या वर्षी बघू.

मी म्हणाले, "चषक मी आणते. सामने होतील. हे लिहून घ्या."

रविकांत यांनी पेनला टोपण लावले. "बाई, अनौपचारिक बोलणे लिहीत नसतात."

"आना की," सहादेवराव म्हणाले. "चोवीस तारखेला हितं टेबलावर ठिवा. पर कपासारखा कप पायजे बरं का. न्हाईतर नारळ हायेच."

पुढच्या वर्षी म्हणे. आमच्या संघाची कप्तान बनू दरेकर अकरावीत आहे. मार्चमध्ये परीक्षा, वैशाखात लग्न. तिला पुढचे वर्ष नाही. गेल्या वर्षी अंतिम सामना काष्टी गावच्या शाळेने आमच्याकडून नेला, तेव्हापासून ही मुलगी शाळा भरायच्या आधी मैदानावर असते. मुलींचे कौतुक करण्याची मला सवय नाही. पण ती पळताना बोलत नाही, एवढे मला आवडते.

चषक कुठून आणणार, ते मला माहीत नाही.

बुधवार, ५ जानेवारी

शाळेतून येताना तांबटाच्या दुकानावरून आले. दुकान गहिनीनाथचे. वीतभर ओटा, आणि ओट्याखाली मोडीचा ढीग: फुटके हंडे, चेपलेल्या कळश्या, कान तुटलेल्या पराती. लोक जुनी भांडी मोडीत घालतात आणि नवी नेतात. हा माणूस सबंध दिवस ठोकतो, त्यामुळे ओरडून बोलतो, आणि बोलणे बंद करत नाही.

मी विचारले, "या मोडीतून चषक होईल का?"

"चषक म्हंजी?"

"कप. बक्षिसाचा."

तो खो-खो हसला. "अहो बाई, कप म्हंजी काय वो? दोन कान असलेला तांब्या! कळशी घ्यायची, तिचं बूड काढायचं, खाली तांब्या उलटा लावायचा, बाजूनं दोन पळ्या वाकवून डाख द्यायचा. झाला कप. चिंचेनं घासला की सोन्यावानी दिसतुय. पर हा माल माझा न्हाई, यापाऱ्याचा हाय. मोड तुमी आना. मजुरी नको, उरंल ती मोड माझी."

"चोरी करणार नाही ना?"

"करीन की थोडी," तो म्हणाला. "पर कप झाल्यावर."

निदान खोटे तरी बोलला नाही. उद्या प्रार्थनेच्या वेळी मुलींना सांगते: घरोघर जा आणि निरुपयोगी पितळ मागून आणा.

शनिवार, ८ जानेवारी

लोकांच्या घरात काय काय असते, ते आज माझ्या टेबलावर आले. किळसवाणा प्रकार. रॉकेलच्या दिव्यांचे काजळलेले बर्नर, सायकलच्या घंटीच्या वाट्या, मुतखड्यासारखे पांढरे थर बसलेला बंब, आणि एका वकिलांच्या घरून पिकदाणी. तिच्यात गेल्या पिढीचा सुद्धा तांबूल वाळलेला असावा. आणणाऱ्या मुलीला मी ती कोपऱ्यात ठेवायला लावली आणि साबणाने हात धुवायला पाठवले. वकिलांचा निरोप असा की पितळ अस्सल आणि जाडजूड आहे, अशी घडण आता मिळत नाही. खरे असेल. पण ती मी चिमट्यानेही उचलणार नाही.

एका सोवळ्या गृहस्थांनी मोडकी समई धाडली आणि विचारले, महारवाड्यातली भांडी हिच्याच जोडीला लागणार का? मी समई त्याच मुलीबरोबर परत धाडली. निरोप दिला, "समईला विटाळ होईल. सांभाळून ठेवा."

मागितली मोड, आली घाण. देणे म्हणजे आपल्याला नको ते दुसऱ्याच्या दारात टाकणे, असाच लोकांचा समज आहे. गहिनीनाथने ढीग पाहिला आणि तोंड वाकडे केले. "ह्यातनं कप न्हाई, पिकदाणीला भाऊ हुईल."

माझा स्वतःचा एक तांब्या आहे, जुना, जड. मी बी.ए. झाले तेव्हा वडिलांनी दिलेला. तो द्यावा असे मनात आले होते. पण मग पाणी कशाने प्यायचे?

मंगळवार, ११ जानेवारी

आज बनूची आई लंकाबाई आली. बाजारात लसूण-मिरची विकते. हातपाय लसणाचे, खोलीभर वास. पदराखालून तिने कळशी काढली. मोड नव्हे. जुनी, घासून घासून पातळ झालेली, पण एक पोचा नाही.

मी म्हणाले, "लंकाबाई, मोड मागितली होती, संसार नव्हे. ही घरात लागेल."

"लागंल की. पर द्यायची हाय." तिने कळशीच्या गळ्याखाली ओल्या बोटाने चाचपले, तिथे ठिपक्यांची अक्षरे ठोकलेली होती. तिला वाचता येत नाही. "नावासकट घ्या बाई."

"घेतली," मी म्हणाले. मला तासाला जायचे होते.

ती गेल्यावर पाहिले. कळशीवर 'चि. गोजरा हीस आईकडून' असे आहे. म्हणजे हिची नव्हेच. कुणा गोजराची कळशी हिच्याकडे कशी आली, देव जाणे. गावात कुणाचे भांडे कुणाकडे असते याला काही धरबंध नाही.

लंकाबाईपाठोपाठ आणखी बायका आल्या. सगळ्यांच्या पदराखाली काही ना काही, आणि सगळे चांगल्यातले. कुणाला विचारले की, "लंकी म्हनली." एकीने तर पळी आणली, तिच्यावरही नाव. मला वाटते, यांना कपाची हौस नाही. घरातून बाहेर पडायला निमित्त हवे आहे.

बुधवार, १२ जानेवारी

सहादेवरावांच्या पत्नी छबूबाई आज शाळेच्या मागल्या दाराने आल्या. बरोबर गडी नाही, मोटार नाही. हातात छोटा गडवा.

"आमच्या ह्यांना सांगू नका, बाई."

"मी कुणाचे कुणाला सांगत नाही."

"शबूद?"

"शब्द."

त्या लगेच गेल्या. गडव्यावर 'रंगू' एवढेच. मोठ्या घरच्या बाईने मोलकरणीचे भांडे आणून दानाचे पुण्य घ्यावे! स्वतःच्या वाड्यात चांदीची ताटे आहेत. ओकारी येते अशा दातृत्वाची.

शुक्रवार, १४ जानेवारी

संक्रांत. सहादेवरावांकडून तिळगूळ आला, सोबत छापील कार्ड: गोड बोला. कार्डावरही वडिलांचे नाव आहे.

तिळगूळ वर्गात वाटून टाकला. मी खाल्ला नाही.

रविवार, १६ जानेवारी

कप उभा राहिला आहे. गहिनीनाथने खोटे सांगितले नव्हते. लंकाबाईच्या कळशीचा वरचा भाग, त्याच्यावर छबूबाईंच्या गडव्याचे तोंड, दोन बाजूंना दोन पळ्या वाकवून केलेले कान. बूड तेवढे बाकी आहे, जाड पितळ सापडले की लावतो म्हणाला. दुसरा एक लहान कप, कुठल्याशा लोट्याचा, तोही झाला आहे. मी क्षणभर पाहतच राहिले. चिंचेने घासलेल्या पितळेवर दुकानातले ऊन पडले होते.

मग जवळून पाहिले आणि संताप आला. सबंध कपावर नावे! गळ्याला गोजरा, तोंडाला रंगू, एका कानाला ठका, दुसऱ्याला बायजा. कप कसला, सहादेवरावांच्या ढालीची बहीण. बक्षीस खेळणाऱ्याचे असते, देणाऱ्याचे नसते, हे मी समितीला वर्षानुवर्षे सांगत आले, आणि माझ्याच कपावर कोण कुठल्या बायका चढून बसलेल्या.

"ही नावे काढा," मी म्हणाले.

गहिनीनाथने कानामागची विडी हातात घेतली. "काढू? नाव घालायला समदी येत्यात माझ्याकडं. काढायला तुमीच पयल्या."

"काढा म्हटले ना."

"काढतो की. माझं काय जातंय? कानस जाईल." त्याने कप मांडीत घेतला आणि घासायला लागला. पितळेची भुकटी त्याच्या गुडघ्यांवर पडत होती. वास आला की माझे दात आंबतात, म्हणून मी निघून आले.

बुधवार, १९ जानेवारी

आज शाळा सुटल्यावर कप टेबलावर मांडला आणि भांडी देणाऱ्या बायकांना बघायला बोलावले. बूड नसल्यामुळे विटेवर ठेवला होता. बायका गर्दीने आल्या, पायताणे दारात काढली, आणि कुजबुजल्या. एकूण प्रसंग देवळातल्यासारखा. मला तो आवडला नाही.

लंकाबाईने न विचारता कप उचलला, मांडीवर घेतला, आणि गळ्याखालून बोट फिरवले. एकदा फिरवले, मग उलट्या बाजूने. मग कप फिरवून पुन्हा.

"बाई, हितं हुतं."

"काय होतं?"

"मी हुते की हितं."

मी म्हणाले, "तिथे गोजरा असे होते. तुमचे नाव लंकाबाई आहे."

"गोजराच मी!" ती म्हणाली. "लगनात तांदळात दुसरं लिवलं त्यांनी. सासूला गोजरा आवडंना, तिच्या नणंदंचं तेच हुतं. तवाधरनं लंका. आई हुती तवर आई म्हनायची गोजरे. आई गेली. आता त्या नावानं हाक मारनारं कोन हाय? कळशी हुती."

मला वाटते, इथे मी थांबायला हवे होते. मी थांबले नाही. स्वतःचे नाव सगळ्यांनी वाचावे, ही हाव किती हीन आहे, ढालीवर नाव घालणाऱ्यांत आणि तुमच्यात फरक काय, असे मी स्पष्ट सांगितले.

"फरक हाय की," लंकाबाई म्हणाली. आवाज चढवला नाही. "सहादेवरावाचं नाव इहिरीवर हाय, शाळंच्या दगडावर हाय, सातबाऱ्यावर हाय. घासलं तर पुन्यांदा लिवतील. आमचं तेवढंच हुतं, बाई. बनूचं बी नाव वैशाखात बदलायचं हाय, सासरच्यांनी कळिवलंय. म्हनून म्हनलं, एकडाव तरी बनूनं गोजराला हातात धरावं."

तिने कप विटेवर ठेवला. दारात पायताण घालताना म्हणाली, "बनूला म्या धाडनार न्हाई. जितं मी न्हाई, तितं तिनं कशाला पळावं?"

बाकीच्या तिच्यामागे गेल्या. छबूबाई आल्या नव्हत्या, ते एक बरे.

भावनांचा असा बाजार मला सहन होत नाही. डोके दुखते आहे.

गुरुवार, २० जानेवारी

सकाळी मैदानावर बनू नाही. 'ठका' नावाची पळी जिने दिली होती, तिची मुलगी नाही. आणखी दोघी नाहीत. उरलेल्या मुलींना घेऊन मी खो द्यायला लावले. बसलेल्यांच्या मध्ये रिकाम्या जागा, आणि पळणारी मुलगी त्या रिकाम्या जागेला खो देऊन पुढे गेली, सवयीने.

इतक्या कमी मुलींनी संघ होत नाही. म्हणजे चषक आहेत आणि संघ नाही. रविकांत यांना कळले तर आनंदाने इतिवृत्तात घेतील.

लग्नात मुलीचे नाव तांदळात लिहून बदलतात, हे मला माहीत नव्हते असे नाही. कोणाला माहीत नसते? शाळेच्या दाखल्यावरचे नाव मी स्वतः लिहिते. पण दाखला नेल्यानंतर ते नाव कुठे जाते, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मला पडायचे कारणही नव्हते.

संध्याकाळी पाणी पिताना तांब्यावरचे नाव नजरेला पडले. रोज पडते.

शुक्रवार, २१ जानेवारी

गहिनीनाथकडे गेले. म्हणाले, "नावे परत घाला."

त्याने कप उन्हात धरला आणि मला दाखवला. घासलेल्या जागी पितळ कागदासारखे दिसत होते. "आता छिन्नी लावली की भोक. तुमी म्हनला काढा, मी काढलं. आता घाला म्हनता. बाई, हा काय फळा हाय व्हय?"

"मग कुठे घालता येतील?"

"बुडाला. बूड लावायचंच हाय. पर जाड पितळ पायजे. तुमच्याकडं एकच हाय जाड." त्याने दात काढले. "वकिलाची पिकदाणी."

मी त्याला सांगितले की त्या बायकांची नावे लोकांच्या थुंकीवर बसणार नाहीत.

"मग आना दुसरं. परवापत्तूर आना, न्हाईतर कप विटंवरच ऱ्हाईल, इठोबावानी."

घरी गेले, तांब्या रिकामा केला आणि त्याच्यापुढे आणून ठेवला. त्याने टिचकी मारली. "ह्ये! ह्याला म्हनत्यात पितळ. ह्यावर बी नाव हाय की. काय लिवलंय?"

"नीलांबरी."

"कोन ती?"

मी तांब्या त्याच्याकडे ढकलला. तो कानस शोधायला लागला. "आधी ह्ये काढतो, मग बाकीच्यांना जागा हुईल."

"वेळ नाही," मी म्हणाले. "राहू द्या. बाकीची शेजारी बसतील."

शनिवार, २२ जानेवारी

शाळा अर्धी असल्यामुळे दुपारभर गावात फिरले. नावे पुन्हा विचारून घ्यायची होती, ठोकण्यात चूक नको. वैताग आला. एकही बाई सरळ सांगेना. ओसरीवर सासरा बसलेला, तर आत चला. आत जाऊबाई, तर परसात चला. परसात शेणाचा उकिरडा, माशा, आणि तिथे माझ्या कानाला तोंड लावून नाव सांगायचे. चोरीचा माल कुठे पुरला ते सांगावे तसे. एकीने सांगितले आणि लाजून तोंड झाकले. नातवंडे आहेत तिला.

एकीच्या घरी तिची मुलगी, आमच्याच आठवीतली, जवळच उभी होती. "आये, तुजं नाव बायजा हाय?" असे म्हणून ती आईकडे बघतच राहिली. तिला घरी पाठ करायला दिलेले पाढे येत नाहीत, हेही मी त्याच वेळी सांगून टाकले.

शेवटी लंकाबाई. ती मिरच्या निवडत होती. मी उभ्यानेच सांगितले, "बुडावर नाव येईल. 'हीस आईकडून' एवढे बसणार नाही. नुसते गोजरा."

"तेवढंच पायजे."

"बनूला सकाळी पाठवा."

"आता गेलीय मैदानावर," ती म्हणाली. "गहिनानं सांगितलं सकाळीच, तुमी घरचा तांब्या दिला म्हनून. सगळ्या गावाला वरडून सांगतुय. बसा की बाई. पानी घेता?"

घेतले. तिच्याकडे ॲल्युमिनियमचा पेला आहे. लसणाचा वास होता.

सोमवार, २४ जानेवारी

कप समितीच्या टेबलावर ठेवला. नगरच्या चषकांपेक्षा उंच भरला. रविकांत म्हणाले की हे नियमात बसते का ते पाहावे लागेल. मी विचारले, कोणत्या नियमात? ते पाहावे लागेल म्हणाले.

सहादेवरावांनी चष्मा लावला आणि कप उचलून बुडाकडून वाचायला लागले. "ह्या कोन बाया? गोजरा. ह्या नावाची बाई न्हाई आपल्या गावात. बायजा. न्हाई. ठका. कुनीच न्हाई. बाई, मेलेल्या मानसांची वर्गनी घेतली का काय?"

सभासद हसले. रविकांत सर्वांत मोठ्याने.

"नीलांबरी, ह्या तुमीच. आनि ही रंगू..."

ते थांबले. बोट तिथेच राहिले. मग त्यांनी कप फिरवला आणि वरचे गडव्याचे तोंड पाहिले, पुष्कळ वेळ. रविकांत म्हणाले, "अध्यक्षमहाराज, मला वाटते नारळच..."

"तुमी गप बसा," सहादेवराव म्हणाले. चष्मा काढून खिशात ठेवला. माझ्याकडे पाहिले. मी खिडकीबाहेर पाहिले. मी शब्द दिलेला होता.

"कप चांगला हाय," ते म्हणाले. "पोरींचे सामने हुतील. लिवा."

रविकांत यांनी पेनचे टोपण काढले.

चहा आला. सहादेवरावांनी स्वतः ओतला, आणि अर्धा बशीबाहेर सांडला. पुसायला कोणी उठले नाही. टेबलावर अजून त्या दिवशीचा पानाचा डाग आहे.

गुरुवार, २७ जानेवारी

काल सामने झाले. मैदानावर धूळ, भोंग्याची खरखर, भज्यांच्या जुन्या तेलाचा धूर, आणि भाषणे. भाषणांत मुलींचा उल्लेख 'उद्याच्या माता' असा तीन वक्त्यांनी केला. मला आता या शब्दाची शिसारी आली आहे.

कप शाळेतून मैदानावर बनूने नेला. मी गाडी सांगितली होती, तिने ऐकले नाही. पाण्याची कळशी नेतात तसा कमरेवर घेतला आणि बाजारातून, लसणाच्या पालांसमोरून, मुद्दाम लांबच्या रस्त्याने नेला.

अंतिम सामना पुन्हा आमचा आणि काष्टीचा. शेवटच्या डावात बनू अखेरपर्यंत बाद झाली नाही, पण तिच्या आधीच्या दोघी लवकर गेल्या होत्या. एका गुणाने हरलो. बनू खांबाला धरून उभी राहिली. रडली नाही. मीही तिच्याजवळ गेले नाही.

लंकाबाई कुंपणाच्या भिंतीवर बसली होती. तिच्याकडे जाणे भाग होते. रडारड ऐकण्याची मनाची तयारी करून गेले. ती तोंडाला पदर लावून हसत होती.

"बाई, कप काष्टीला चालला न्हवं?"

"वर्षभरासाठी. पुढच्या वर्षी जिंकून परत आणू."

"कशाला? ऱ्हाऊ द्या की तिला जरा. काष्टीच माझं म्हायेर. आई गेल्यापास्नं मी गेले न्हाई. बरं झालं, गोजरा गेली."

मुलींची बक्षिसे छबूबाईंच्या हस्ते द्यावीत, असे सहादेवरावांनी ऐन वेळी ठरवले. कार्यक्रमपत्रिकेत तसे नव्हते. असली बेशिस्त मला आवडत नाही. भोंग्यावर त्यांनी स्वतः पुकारले, "सौभाग्यवती छबूबाई," आणि मग काहीतरी आणखी म्हणाले, पण भोंगा खरखरला. छबूबाई उभ्या राहिल्या तेव्हा त्यांचे डोळे सहादेवरावांकडे होते. काष्टीच्या कप्तानाने कप धरला तरी छबूबाईंनी तो लगेच सोडला नाही. मुलीला दोनदा ओढावा लागला.

रविकांत यांच्या इतिवृत्तात 'मुलींनाही बक्षिसे देण्यात आली' एवढेच आहे. ते पुरेसे नाही. म्हणून काय दिले ते इथे लिहून ठेवते आणि ही वही बंद करते.

वकिलांना: त्यांची पिकदाणी, परत. धुतलेली नाही.

गहिनीनाथ तांबट यास: उरलेली सर्व मोड. त्यात माझ्या तांब्याचे तोंड आहे, ते मी मागितलेले नाही.

काष्टीच्या संघास: मोठा चषक. कळशी, गडवा, दोन पळ्या, बुडाला तांब्या. नावे: गोजरा, रंगू, ठका, बायजा, नीलांबरी.

श्रीगोंद्याच्या संघास, उपविजयी म्हणून: लहान चषक, लोट्याचा. कप्तानाच्या हाती दिला, तिनेच तो घरी ठेवायचा आहे. सामना संपल्यावर गहिनीनाथला मैदानावरच बसवून त्यावर नाव घालून घेतले. नाव: बनू. तो विचारत होता, पुढे किती जागा सोडू? जागा सोडलेली नाही.